यूझनेटवरील लेखनशिष्टाचार

यूझनेट या संगणकीय चर्चाजाळ्यावर संदेश लिहिताना व त्यांना उत्तरे देताना पाळायचे संकेत. १९८० च्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्या वर्तुळात ते घडले आणि पुढे ‘नेटिकेट’ या नावाने इंटरनेटभर रूढ झाले. सार्वजनिक चर्चेत लिहिणारा एक आणि वाचणारे हजारो असतात. लेखकाने घाईत सोडलेली संदिग्धता प्रत्येक वाचकाला स्वतंत्रपणे सोडवावी लागते. म्हणून स्पष्ट लिहिण्याचे कष्ट लेखकाने घ्यावेत, हे या सर्व संकेतांमागचे तत्त्व आहे.

पार्श्वभूमी : ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये यूझनेटची कल्पना मांडली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी तिची पहिली आज्ञावली लिहिली आणि १९८० मध्ये हे जाळे लोकांसाठी खुले झाले. युनिक्स संगणक टेलिफोनवरून एकमेकांशी जोडले जात आणि आपल्याकडचे नवे संदेश पुढच्या संगणकाला देत. जाळ्याला मध्यवर्ती संगणक नव्हता की मालक नव्हता. विषयवार चर्चेसाठी असलेल्या बहुतेक गटांना संपादकही नव्हता. त्यामुळे नियम लादणारे कोणी नव्हते आणि शिस्त टिकायची ती संकेतांच्याच बळावर. प्रत्येक संदेश वाटेतल्या सर्व संगणकांवर साठवला जाई व दूरध्वनीचे बिल त्या त्या संस्थेला भरावे लागे. संदेश वेगवेगळ्या वाटांनी जात असल्याने कित्येकदा प्रश्न पोहोचण्याआधी त्याचे उत्तर वाचायला मिळे.

प्रमुख संकेत : वाचक केवळ शीर्षक पाहून संदेश उघडायचा की नाही हे ठरवीत असल्याने शीर्षक नेमके असावे, हा पहिला संकेत. ‘मदत हवी’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. कोणत्या यंत्रावर, कोणत्या कामात, काय अडले हे शीर्षकातच आले की जाणकार नेमका तोच संदेश उघडतो.

उत्तरात मूळ संदेशातील आवश्यक तेवढाच भाग उद्धृत करावा, प्रत्येक उद्धृत ओळीच्या आरंभी ‘>’ ही खूण असावी आणि त्या भागाखाली आपले म्हणणे लिहावे, हा दुसरा संकेत. उत्तर प्रश्नाआधी पोहोचण्याची शक्यता असल्याने संदर्भ देणे भाग होते, आणि साठवणीचा खर्च असल्याने संपूर्ण संदेश पुन्हा चिकटवणे गैर मानले जाई. पुढे ई-मेलच्या अनेक आज्ञावली उत्तराची जागा मूळ मजकुराच्या वर देऊ लागल्या, तेव्हा ‘वर लिहावे की खाली’ हा दीर्घकाळ चाललेला वाद उभा राहिला.

याशिवाय ओळींची लांबी पडद्यात मावेल एवढी ठेवणे, स्वाक्षरी चार ओळींच्या आत आटोपणे, एकच मजकूर अनेक गटांत न टाकणे आणि कथेचा शेवट उघड करणाऱ्या मजकुराआधी सूचना देणे अपेक्षित असे. असा मजकूर झाकण्यासाठी ‘रॉट१३’ ही पद्धत वापरत. तिच्यात प्रत्येक रोमन अक्षर वर्णमालेत तेरा स्थाने पुढे सरकवले जाई. संपूर्ण मजकूर रोमन मोठ्या अक्षरांत लिहिणे म्हणजे ओरडणे मानले जाई. दुसऱ्याच्या शुद्धलेखनाच्या चुकांवर जाहीर टीका करणे हेही अशिष्ट होते, कारण त्यातून मूळ विषय बाजूला पडे.

लेखनातून आवाजाचा सूर कळत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अंतर्गत सूचनाफलकावर स्कॉट फाल्मन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी विनोद ओळखू येण्यासाठी ‘:-)’ ही खूण सुचवली. ती लवकरच इतर जाळ्यांवरही पसरली.

संहिताकरण : चक व्हॉन रॉस्पाक यांनी नवागतांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका यूझनेटवर ठरावीक काळाने पुन्हा प्रसिद्ध होई. समोर यंत्र दिसत असले तरी वाचणारा माणूस आहे, हा तिचा आरंभबिंदू होता. गटात वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करण्याची प्रथाही याच जाळ्यावर रुजली. व्हर्जिनिया शे यांचे ‘नेटिकेट’ हे पुस्तक १९९४ मध्ये निघाले. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलमधील सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेला ‘आरएफसी १८५५’ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्यात व्यक्तिगत संवाद, एकाने अनेकांशी केलेला संवाद आणि माहितीसेवा असे तीन विभाग आहेत. ओळ ६५ अक्षरांहून कमी असावी आणि गटात लिहिण्यापूर्वी एक ते दोन महिने नुसते वाचावे, असे त्यात सुचवले आहे.

ताण : दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि जुने सदस्य त्यांना संकेत शिकवीत. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी ऑनलाइन सेवांचे ग्राहक मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा ही शिकवणी अपुरी पडली. जुन्या सदस्यांनी या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हटले. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने ग्रीनकार्ड सोडतीची जाहिरात हजारो गटांत टाकली. केवळ संकोचाच्या आधारावर चालणारी शिस्त पैसा मिळवायला निघालेल्यांना रोखू शकत नाही, हे त्यातून उघड झाले.

मराठीतील रूप : यूझनेटवर ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट होता. त्या काळी पडद्यावर देवनागरी सहज उमटत नसल्याने मराठी रोमन लिपीत लिहिले जाई. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ पद्धतीत मोठे ‘टी’ म्हणजे ‘ट’ आणि मोठे ‘एन’ म्हणजे ‘ण’ असल्याने, इंग्रजीत ओरडण्याची खूण ठरलेली मोठी अक्षरे इथे उच्चार दाखवण्यासाठी अनिवार्य होती. युनिकोड देवनागरी रुळल्यावर मराठी संकेतस्थळांवर स्वतंत्र शिष्टाचार घडला. विषयाबाहेरचे लिहिताना आरंभी ‘अवांतर’ असे नोंदवणे, थट्टा असल्यास ‘ह. घ्या.’ म्हणजे ‘हलकेच घ्या’ लिहिणे, खासगी बाब ‘व्यनि’ म्हणजे व्यक्तिगत निरोपातून कळवणे आणि मागे घेतलेल्या मजकुराच्या जागी ‘प्रकाटाआ’, म्हणजे ‘प्रतिसाद काढून टाकला आहे’, असे लिहून वाचकांना कल्पना देणे, हे त्यातले परिचित संकेत.

मूल्यमापन : ओळीची लांबी किंवा स्वाक्षरीची मर्यादा असे नियम त्या काळच्या यंत्रांशी बांधलेले होते आणि यंत्रांबरोबरच मागे पडले. वाचकाच्या वेळेशी बांधलेले नियम मात्र टिकले. लिनक्सच्या विकासकांच्या ई-मेल गटात आजही साधा मजकूर आणि मोजक्या उद्धृताखाली उत्तर अपेक्षित असते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या आज्ञावलीकारांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर आज्ञावलीतील चुकीविषयी विचारताना प्रश्नकर्त्याने अडचण पुन्हा घडवून दाखवणारे सर्वांत लहान उदाहरण द्यावे लागते. असे उदाहरण तयार करताना अनावश्यक भाग गळत जातो, आणि कित्येकदा प्रश्न पाठवण्याआधीच त्याचे उत्तर प्रश्नकर्त्याला सापडते. वाचकासाठी केलेली मांडणी लेखकाचाही विचार नीट करते, म्हणून हा शिष्टाचार सभ्यतेइतकाच विचाराच्या शिस्तीचाही भाग आहे.