जबलपूरच्या टेकडीवरील सर्वांत जुना प्राणी

जबलपूरच्या टेकड्यांलगतच्या वस्तीत बिबट्या दिसला की त्याची बातमी होते. याच शहरातील बडा शिमला टेकडीवर त्याहून कितीतरी प्रचंड प्राण्याच्या खुणा १८२८ साली आढळल्या होत्या.

ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून परिचित असलेल्या विल्यम स्लीमन याला तेथे अश्मीभूत मणके सापडले. 'डायनोसॉर' हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये घडवला. तोवर या प्राण्याला कोणत्या वर्गात बसवावे, हेच ठाऊक नव्हते. मणके कोलकात्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचले. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. भारतातून नामकरण झालेला हा पहिला डायनोसॉर होय.

पुढे हे मणके गहाळ झाले. २००३ मध्ये अभ्यासकांनी ते नावही अग्राह्य ठरवले. कारण मणक्यांची लक्षणे या गटातील अनेक प्राण्यांत आढळतात. अखेर २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकाता येथील संग्रहात डॉ. धनंजय मोहबे व त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांपैकी एक मणका पुन्हा गवसला.

नाव टिकले नाही, हाड टिकले. नवे प्रश्न विचारता येतात ते हाडाला, आणि ते ज्या थरातून आले त्या खडकाला. म्हणूनच संग्रहातील तो मणका जितका जपायचा, तितकीच शहराने वेढलेली ती टेकडीही जपायला हवी.