ॲक्टिव्ह डिरेक्टरी : साइट्समधील रेप्लिकेशन

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी या निर्देशिका सेवेत एका डोमेन कंट्रोलरवर झालेला बदल दुसऱ्या ठिकाणच्या डोमेन कंट्रोलरांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था. वापरकर्त्यांची खाती, गट, संगणक यांच्या नोंदी या सेवेत असतात आणि त्यांची प्रत डोमेन कंट्रोलर या सर्व्हरांवर ठेवलेली असते. शाखा कितीही दूर असल्या आणि मधली लाइन संथ असली, तरी सर्व प्रती अखेर एकसारख्या व्हाव्यात, हा या व्यवस्थेचा हेतू.

पूर्वपीठिका : विंडोज एनटी ४.० पर्यंत बदल केवळ प्राथमिक डोमेन कंट्रोलरवर करता येत. इतरांकडे वाचनापुरती प्रत असे. २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि, मोजकी कामे वगळता, कोणत्याही कंट्रोलरवर बदल नोंदवणे शक्य झाले. साहजिकच प्रतींचा मेळ राखणे हे कळीचे काम ठरले.

रचना : वेगवान जाळ्याने जोडलेल्या आयपी सबनेटांचा समूह म्हणजे साइट. साइट्स ज्या साइट लिंकने जोडतात, तिच्यावर कॉस्ट (जितकी कमी, तितका मार्ग पसंतीचा), रेप्लिकेशनचे अंतर आणि वेळापत्रक ठरवतात. मुळात कॉस्ट १०० आणि अंतर १८० मिनिटे असते. अंतर १५ मिनिटांपर्यंत कमी करता येते. प्रत्यक्ष जोडण्या केसीसी ही अंतर्गत प्रक्रिया आखते. ती दर १५ मिनिटांनी आराखडा तपासते आणि साइटबाहेरच्या देवाणघेवाणीसाठी ब्रिजहेड सर्व्हर निवडते.

उदाहरणार्थ, एकाच डोमेनचे कंट्रोलर असलेल्या अ, ब, क या साइट्समध्ये अ–ब आणि ब–क यांची कॉस्ट प्रत्येकी १०० व अ–कची ३०० असेल, तर बदल अ कडून ब मार्गे क कडे जातात. ब बंद पडल्यास अ–क लिंक वापरात येते. प्रत्येक लिंकवर १८० मिनिटांचेच अंतर ठेवले असेल, तर अ मधला बदल क ला पोहोचायला सहा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. हा उशीर मान्य आहे का, हे व्यवस्थापकाने आधीच ठरवायचे असते.

कार्यपद्धती : साइटच्या आत बदलाची सूचना काही सेकंदांत जाते. दोन साइट्समध्ये मात्र ब्रिजहेड सर्व्हर ठरल्या वेळी समोरच्याकडे बदलांची मागणी करतो. डेटा मोठा असल्यास तो कॉम्प्रेस होऊन येतो. प्रत्येक कंट्रोलर आपल्या बदलांना यूएसएन हा चढता क्रमांक देतो, त्यामुळे आधी मिळालेले बदल पुन्हा मागवावे लागत नाहीत.

एकाच कर्मचाऱ्याचा फोन नंबर दोन शाखांत वेगवेगळा भरला गेला, तर आधी त्या नोंदीचा आवृत्ती क्रमांक पाहिला जातो, तो सारखा असल्यास बदलाची वेळ, आणि तीही सारखी असल्यास मूळ कंट्रोलरची ओळखसंख्या. म्हणून एका शाखेने नंबर दोनदा बदलला आणि दुसरीने नंतर एकदाच, तरी पहिल्या शाखेचा नंबर टिकतो.

पासवर्ड बदलल्यास मात्र तो पीडीसी एम्युलेटरला, म्हणजे जुन्या प्राथमिक कंट्रोलरची भूमिका सांभाळणाऱ्या कंट्रोलरला, वेळापत्रकाची वाट न पाहता कळवला जातो.

व्यवस्थापन : नवे सबनेट सुरू झाले की ते योग्य साइटला जोडणे हे पहिले काम. ते राहिले, तर शाखेतले संगणक दूरच्या कंट्रोलरवर लॉगिन करू लागतात. हाताने केलेल्या जोडण्या केसीसी काढत नाही; जाळे बदलल्यावर त्याच अडचणीच्या ठरतात, म्हणून त्या शक्यतो टाळाव्यात. रेप्लिकेशनची स्थिती रेपॲडमिन आणि डीसीडायग या साधनांनी नियमित पाहावी. बिघाड दिसल्यास डीएनएस, घड्याळांतील फरक आणि फायरवॉल तपासावेत. ओळख पटवणारी केर्बेरोस ही पद्धत घड्याळांत साधारणपणे पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. फायरवॉलमध्ये पोर्ट १३५ आणि आरपीसीचे बदलते पोर्ट खुले लागतात.

मुदत : खाते पुसल्यावर त्याची खूण टूम्बस्टोन म्हणून ठरावीक काळ राहते. विंडोज २००० मध्ये हा काळ ६० दिवसांचा होता. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्या फॉरेस्टसाठी (एकत्र बांधलेल्या डोमेनांच्या समूहासाठी) तो १८० दिवस झाला. शाखेतला कंट्रोलर २०० दिवस बंद राहून परतला, तर दरम्यान पुसलेले खाते त्याच्याकडे जिवंतच असते आणि ते पुसल्याची खूण इतरत्र उरलेली नसते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते असे उघडे राहणे हा सुरक्षेला थेट धोका आहे. असा कंट्रोलर पुन्हा जोडण्याऐवजी काढून टाकून नव्याने उभारणे हाच खात्रीचा मार्ग.

केसीसीची आखणी साइट, सबनेट आणि कॉस्ट यांच्या नोंदींवरच चालते. त्यामुळे लाइन बदलली, शाखा हलली किंवा बंद झाली, की त्याच दिवशी या नोंदी दुरुस्त करणे ही व्यवस्थापकाची मुख्य जबाबदारी आहे.