गाडीवरचे नाव

दुकानाची पाटी वाचणाऱ्याची वाट पाहते. गाडीवरची पाटी त्याला शोधत निघते. पुण्याच्या जुन्या पेठांतील दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य अभिमानाने मिरवले जाते. ज्याला गरज असेल त्याने आमच्या पायरीशी यावे, असा त्या वाक्याचा सूर आहे. आळेफाट्यावरच्या व्यावसायिकाला हा सूर परवडणारा नाही. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे हे गाव वाढले, आणि त्याच्या नावातच ‘फाटा’ आहे. इथले गिऱ्हाईक मुळात जाता-येता भेटणारे. म्हणून इथला पिकअप किंवा टेम्पो माल वाहतो, आणि त्याच फेरीत मजकूरही वाहतो.

तो मजकूर साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा नीट वाचावा असा आहे. वर देवाचे नाव, त्याखाली ‘आई-वडिलांची कृपा’, मग ठळक अक्षरांत फर्म, ‘प्रो. प्रा.’ या संक्षेपानंतर मालकाचे नाव, ‘मु. पो. आळे, ता. जुन्नर, जि. पुणे’, आणि शेवटी ‘आमचे येथे’ने सुरू होणारे वाक्य: आमचे येथे सर्व प्रकारची रोपे योग्य दरात मिळतील. बोलण्यात ‘आमच्याकडे’ म्हणणारा माणूस रंगाऱ्यासमोर उभा राहिला की ‘आमचे येथे’ म्हणतो. जुन्या पत्रव्यवहारातले आणि लग्नपत्रिकांतले हे रूप छापील गद्यातून जवळजवळ गेले, पण पाट्यांनी आणि गाड्यांनी ते जपून ठेवले आहे. व्याकरणाच्या पुस्तकांनी याची दखल घ्यायला हरकत नव्हती.

या मजकुराचे मूळ सूत्र मात्र जाहिरातकलेहून फार जुने आहे: नाव, गाव, व्यवसाय. ते याच टापूत दगडावर कोरलेले सापडते. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावरील लेखात दाता आपली ओळख कल्याणचा, हेरणिकाचा पुत्र सुलसदत अशी करून देतो. ‘हेरणिक’ या शब्दाचा अर्थ कोणी सोनार करतात, कोणी खजिनदार. सोन्याशी संबंध उघड आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. आणखी एका लेखात कासार आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणी येतात. कल्याण ते जुन्नर हा नाणेघाटाचा व्यापारी मार्ग. ओतूरकडून माळशेज घाटाने उतरणारा आजचा रस्ता त्याचाच थोरला वारस. दानलेखाला जाहिरात म्हणणे हा अतिरेक होईल, आणि तसे म्हणण्याचा हेतूही नाही. साम्य आहे ते ओळख सांगण्याच्या रीतीत. अनोळखी माणसांच्या वाटेवर आपले नाव लावायचे, तर गाव आणि धंदा सोबत जोडल्याशिवाय त्याला वजन येत नाही, हे त्या दात्यालाही कळत होते.

हे वजन जबाबदारीचे असते. इंग्लंडमध्ये १८३५च्या महामार्ग कायद्याने माल वाहणाऱ्या गाडीवर मालकाचे नाव आणि राहण्याचे ठिकाण ठळक, वाचता येईल अशा अक्षरांत रंगवणे सक्तीचे केले होते. त्यामागे धंदा वाढवण्याचा विचार नव्हता. रस्त्यावर नुकसान करून पसार होणारा गाडीवान ओळखता यावा, एवढाच उद्देश होता. पुढे हे काम नोंदणी क्रमांकाने घेतले. आपल्याकडे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो क्रमांक रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत असावा असे ठरवले. त्यामुळे आपल्या टेम्पोवर दोन लिप्यांत दोन ओळखी असतात: एक सरकारला द्यायची, दुसरी गिऱ्हाइकाला. ज्याने आपले नाव आणि गाव गाडीच्या दोन्ही बाजूंना रंगवून घेतले, त्याने जणू जामीन लिहून दिला आहे. त्या गाडीने कोणाच्या बांधावरचे झाड मोडले किंवा सडका माल उतरवला, तर कोणाच्या दारात जायचे हे गाडीनेच सांगून ठेवलेले असते.

स्वतःच्या गाडीवर स्वतःचे नाव घेऊन फिरण्याची सर्वांत समृद्ध परंपरा या तालुक्यात तमाशाच्या फडांची आहे. आळेफाट्याहून पुण्याच्या दिशेने थोडे गेले की नारायणगाव लागते. यात्रांचा हंगाम आला की तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची यात्रा समिती येते आणि सुपारी ठरते. फड म्हणजे अखेर एक छोटा, धोक्याचा धंदा: कलावंत, वादक, तंबू, दिवे, स्वयंपाक, आणि हे सारे वाहणाऱ्या गाड्या. पूर्वी बैलगाड्या होत्या, मग ट्रक आले. फडाचे नाव रंगवलेला ट्रक गावाच्या शिवारात शिरला की वेगळी दवंडी लागत नाही. पोरे मागे धावू लागली की खेळाची बातमी घरोघर गेलीच म्हणून समजावे.

त्या नावांची घडण पाहावी. काळू-बाळू कवलापूरकर, दत्ता महाडिक पुणेकर, चंद्रकांत ढवळपुरीकर: गाव येथे पदवीसारखे लागते. सर्वांत बोलके नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, जात आणि गाव, असे चारही घटक त्यात उघडपणे उभे आहेत. वडील आणि चुलते यांच्या भाऊ-बापू मांग नारायणगावकर या फडातून ते त्यांच्याकडे आले. ज्या काळात या जातीच्या माणसांना गावकुसाबाहेर राहावे लागे, त्या काळात तेच नाव फडाच्या फलकावर ठळक होऊन वेशीतून आत येत होते आणि त्या नावावर तिकिटे खपत होती. समाजाने कमीपणासाठी लावलेला शब्द येथे बाजारातली पत झाला. याने जातीची उतरंड बदलली असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. खेळ संपल्यावर तंबू गावाबाहेरच असे. तरीही मराठीतल्या व्यावसायिक नावांच्या इतिहासात इतके निर्भय नाव मला दुसरे दिसत नाही. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःच्या नावाचा फड उभा केला.

फलकावरचा दुसरा शब्दही इतिहास सांगतो. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि नंतर ती अटींसह उठवली. पुढे ‘लोकनाट्य’ हा सभ्य शब्द रुळला आणि फलकांवर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ अशी जोडी दिसू लागली. पहिला शब्द सरकारसाठी, दुसरा प्रेक्षकांसाठी. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महासाथीमुळे यात्राच भरल्या नाहीत. नावे रंगवलेल्या गाड्या हंगामभर उभ्या राहिल्या. उभ्या गाडीवरचे नाव कोण वाचणार?

इतर छोट्या व्यावसायिकांकडे स्वतःचे चारचाकी वाहन येण्याची कथा बरीच अलीकडची. ‘टेम्पो’ हा आज अस्सल मराठी वाटणारा शब्द मुळात एका जर्मन कंपनीचे नाव. त्या कंपनीशी सहकार्य करून १९५८ साली नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो सुरू केली. फिरोदिया घराणे नगरचे, म्हणजे याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे. कंपनीचे नाव इतके यशस्वी झाले की ते तिचे उरलेच नाही. कोणाचाही छोटा मालवाहू तो टेम्पोच. पुढे २००५ साली ‘टाटा एस’ म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’ आला आणि रोपवाटिकावाला, मंडपवाला, मोटार दुरुस्त करणारा कारागीर यांना हप्त्यांवर का होईना, स्वतःची चालती भिंत मिळाली.

त्या भिंतीवर काळानुसार एक बदल घडला. आधी ०२१३२ हा जुन्नरचा सांकेतिक क्रमांक लावून दुकानाचा किंवा शेजाऱ्याचा फोन लिहिला जाई, कधी ‘पी. पी.’ या अक्षरांसह. २००३ साली येणारे कॉल मोफत झाले आणि भ्रमणध्वनी सामान्य माणसाच्या खिशात आला. २०११ पासून कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवता येऊ लागला, त्यामुळे रंगवलेला आकडा शिळा होण्याची भीती गेली. मग आकडे मोठे होत गेले आणि ‘मु. पो.’ बारीक. रंगाऱ्याच्या कुंचल्याची जागा संगणकावर कापलेल्या स्टिकरने घेतली; ‘र’चा पाय डौलात वळवणारा हात गेला. पत्ता दारापर्यंत नेत असे, क्रमांक फक्त आवाजापर्यंत नेतो. आवाज बंद ठेवता येतो.

आता एक तिसरी तऱ्हा दिसते. कर्ज स्वतःचे, इंधन स्वतःचे, वाहनही स्वतःच्या नावावर, पण अंगावर चिकटवलेले नाव दूरच्या एखाद्या मोठ्या कंपनीचे. महिन्याकाठी त्याचे काही पैसे मिळतात, हप्ता भरायला ते उपयोगी पडतात. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. आळेफाट्यावर कांद्याच्या गोण्या उतरवून परतणाऱ्या अशा गाडीवर मालकाचे नाव शोधायचे झाले, तर ते समोरच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात, मुलांच्या नावांशेजारी सापडते.