‘क्ष’ची कुळकथा

धानाची रोवणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या दवाखान्यांत कंबर धरून आलेली माणसे, डॉक्टरांनी पाठीला हात लावण्यापूर्वीच, ‘आधी फोटो काढा’ असा आग्रह धरतात. मात्र ज्या फोटोवर त्यांचा एवढा भरवसा, त्याचे ‘क्ष-किरण’ हे नाव अज्ञानाच्या एका प्रांजळ कबुलीतून जन्मले आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्यूर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत, काळ्या कागदाने झाकलेल्या नळीतून निघून दूरचा पडदा उजळविणारे किरण कोणते हे न उमगल्यामुळे विल्हेल्म राँटगेन यांनी त्यांना बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर दिले. आणि भास्कराचार्यांची ‘यावत्तावत्’ ही राशी आमच्या शाळांतून ‘क्ष’ झालेली असल्याने मराठीला नाव शोधावे लागले नाही, ते पाटीवर होतेच.

या किरणांना हाडातील कॅल्शियम अडविते, म्हणून मणके पांढरे उमटतात. मधली पाणीदार गादी मात्र रिकामी जागा भासते. ‘मणक्यात गॅप आली’ असे लोक म्हणतात खरे, पण ती जागा निरोगी पाठीतही असतेच, किंबहुना गादी झिजली म्हणजे ती कमी होते. सरकलेली गादी मज्जातंतूची मुळी दाबून पायात कळ उठविते, हे मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये दाखविले. तरी गादीचे साक्षात दर्शन घडविले ते १९७७ नंतर माणसावर चालू लागलेल्या एमआरआयने, ज्यात पाण्यातील हायड्रोजनच्या योगे ओली गादी उजळ आणि सुकलेली काळी दिसते.

परंतु १९९४ साली पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा सर्व गाद्या निर्दोष अशी माणसे अवघी ३६ टक्के निघाली! काळी गादी म्हणजे दुखणेच, असे म्हणण्याची सोय उरली नाही. पायातील बळ जाणे, लघवी अडणे, ताप, क्षयाचा संशय, अपघात, अशा प्रसंगी चित्र तातडीने हवेच. एरवी गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने ज्या पाठदुखीला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पुढे आणले, तिचा उगम पुष्कळदा दिवसभर चिखलात वाकून केलेल्या रोवणीत विचारावा लागतो. दोन अज्ञात राशी एका समीकरणाने सुटत नाहीत. चित्र हे एक समीकरण, आणि दुसरे रुग्णाची जबानी, जी ऐकायला यंत्र लागत नाही, बसायला एक स्टूल पुरते.