घरी इन्सुलिन देताना: बाटली आणि सिरिंज जुळते आहे ना?

गोळीतील औषधाचे प्रमाण कारखान्यातच ठरलेले असते. इन्सुलिनचा डोस मात्र दर वेळी घरातच मोजावा लागतो, बहुधा रुग्ण स्वतः किंवा घरातील एखादी व्यक्ती तो मोजते. त्यामुळे डॉक्टरांनी लिहिलेला आकडा बरोबर असूनही प्रत्यक्षात शरीरात जाणारे इन्सुलिन कमी-जास्त होऊ शकते. ही चूक कुठे होते आणि ती कशी टाळायची, ते या लेखात पाहू.

४० आणि १०० चा फरक

इन्सुलिन 'युनिट'मध्ये मोजतात. भारतात बाटलीतील इन्सुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. पेनमध्ये भरायच्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) सहसा १०० युनिटचे इन्सुलिन असते.

सिरिंजही दोन प्रकारच्या असतात:

• लाल टोपणाची सिरिंज: फक्त ४० युनिटच्या बाटलीसाठी
• केशरी टोपणाची सिरिंज: फक्त १०० युनिटच्या बाटलीसाठी

समजा, डोस २० युनिट आहे. १०० युनिटच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढले, तर सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट येतात. हा अडीचपट डोस झाला. साखर एकदम खाली येऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

उलट, ४० युनिटच्या बाटलीतून केशरी टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर फक्त ८ युनिट जातात. मग 'इन्सुलिन घेऊनही साखर उतरत नाही' असे वाटते आणि डोस विनाकारण वाढवला जातो. पुढे बरोबर सिरिंज हाती आली की तोच वाढवलेला डोस जास्त ठरतो.

म्हणून मेडिकलमधून नवीन बाटली किंवा सिरिंज आणली, की दोन्हींवरचा आकडा शेजारी-शेजारी धरून वाचा. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, छापलेला आकडा पाहा. सिरिंजवरील एक रेघ म्हणजे किती युनिट, हेही पाहून घ्या. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन कधीही काढू नका.

कोणते इन्सुलिन, जेवणाच्या किती आधी?

• जलद इन्सुलिन (अ‍ॅस्पार्ट, लिस्प्रो, ग्लुलिसिन): १० ते १५ मिनिटांत काम सुरू होते. ताट समोर आल्यावरच घ्यावे.
• साधे किंवा रेग्युलर इन्सुलिन: परिणामाला सुमारे अर्धा तास लागतो, म्हणून जेवणाच्या अर्धा तास आधी. परिणाम ६ ते ८ तास राहतो.
• ३०/७० मिश्र इन्सुलिन: यात ३० टक्के साधे आणि ७० टक्के मध्यम मुदतीचे ह्यूमन इन्सुलिन असते. हेही जेवणाच्या अर्धा तास आधी.
• दीर्घ मुदतीचे इन्सुलिन (उदा. ग्लार्जिन): परिणाम सुमारे २४ तास संथपणे राहतो. जेवणाशी थेट संबंध नाही, पण रोज एकाच वेळी घ्यावे. ते दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळू नये.

पहिल्या तीन प्रकारांत इन्सुलिन घेऊन जेवण टाळणे धोक्याचे आहे. एकादशी, नवरात्र किंवा रोजे धरायचे असतील, तर डोस कसा बदलायचा हे डॉक्टरांना आधीच विचारा.

इंजेक्शन देण्याची पद्धत

१. हात साबणाने धुवा. बाटलीवरील नाव, तीव्रता आणि मुदत वाचा.
२. मिश्र इन्सुलिन दुधाळ दिसते. बाटली तळहातांमध्ये हळुवार १० वेळा फिरवा, जोरात हलवू नका. एरवी स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ दिसले तर वापरू नका.
३. जितके युनिट घ्यायचे तितकी हवा बाटलीत सोडा, बाटली उलटी धरून इन्सुलिन ओढा आणि बुडबुडे काढून टाका.
४. शक्य असेल तर घरातील दुसऱ्या व्यक्तीला रेघ दाखवा. नजर अधू असलेल्या ज्येष्ठांसाठी हे आवश्यकच आहे.
५. पोटावर (बेंबीपासून दोन-तीन बोटे दूर) किंवा मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागावर इंजेक्शन द्या. सिरिंज वापरताना त्वचेची चिमटी धरा. नंतर चोळू नका.
६. पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून पाहा. इंजेक्शन देताना बटण पूर्ण दाबल्यावर १० सेकंद सुई आतच ठेवा.

जागा रोज एक बोटभर सरकवा. एकाच ठिकाणी टोचत राहिल्यास तिथे चरबीची गाठ येते. तिथे दुखत नाही म्हणून रुग्णाला ती जागा सोयीची वाटते, पण गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषले जाते. गाठ सोडून चांगल्या जागी सुरुवात करताना तोच डोस जास्त पडू शकतो, म्हणून डॉक्टरांना सांगा आणि साखर वारंवार तपासा.

साठवण

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा, फ्रीझरमध्ये नको. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकून द्या. उघडलेली बाटली साधारण ४ आठवडे वापरता येते, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात घरातले तापमानही इन्सुलिनला सोसत नाही. फ्रिज नसेल तर बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा थंड पाण्याच्या माठात ठेवता येतो.

साखर कमी झाली तर

घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही लक्षणे आहेत. रक्तातील साखर ७० मि.ग्रॅ.पेक्षा कमी असेल, किंवा तपासायला ग्लुकोमीटर नसेल पण लक्षणे असतील, तर:

• रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या.
• १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढेच द्या. साखर सावरली की काहीतरी खायला द्या.
• अकार्बोज किंवा व्होग्लिबोजची गोळी चालू असेल तर ग्लुकोज पावडरच द्या, कारण या गोळ्यांमुळे साध्या साखरेचा परिणाम उशिरा होतो.
• रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डोस राहून गेला तर? पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. डॉक्टरांना फोन करून विचारा.

उलट्या होत आहेत, जेवण जात नाही, मग इन्सुलिन बंद करू का? स्वतःहून बंद करू नका, विशेषतः टाइप १ मधुमेहात. साखर तपासा आणि लगेच डॉक्टरांशी बोला.

एकच पेन घरातील दोघांना चालेल का? नाही. सुई बदलली तरी रक्तातून संसर्ग पसरू शकतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमा करा, उघड्या कचऱ्यात टाकू नका.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

तोच डोस असूनही साखर वारंवार कमी होऊ लागली तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. मूत्रपिंड मंदावले की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि डोस कमी करावा लागतो.

रुग्णालयातून घरी जाताना डोस 'युनिट' असा पूर्ण शब्द लिहून मागा. आकड्यापुढे इंग्रजीतील 'यू' हे अक्षर लिहिले तर ते शून्यासारखे दिसून १० चे १०० वाचले जाऊ शकते. घरी जो इन्सुलिन देणार आहे, त्याने निदान एकदा नर्ससमोर स्वतः डोस भरून दाखवावा. नुसते पाहून शिकण्यापेक्षा त्याचा अधिक उपयोग होतो.