इस्टेट एजंट (महाराष्ट्र)

इस्टेट एजंट म्हणजे घर, दुकान किंवा भूखंड यांच्या खरेदी-विक्रीसाठी दोन पक्षांची गाठ घालून देणारी आणि त्याबद्दल मोबदला घेणारी व्यक्ती अथवा संस्था. कायद्याच्या मराठी परिभाषेत यास ‘स्थावर संपदा अभिकर्ता’ म्हणतात. बोलीभाषेत ब्रोकर किंवा दलाल हे शब्द रूढ आहेत. घर घेणाऱ्यास मिळणारी बरीचशी माहिती एजंटमार्फत येते. त्यामुळे एजंटला काय विचारावे, आणि मिळालेले उत्तर कोणत्या सार्वजनिक नोंदीशी ताडून पाहावे, हे घरखरेदीतील महत्त्वाचे प्रश्न ठरतात.

कायदेशीर चौकट

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा केंद्रीय कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्रात महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा) कार्यरत आहे. कायद्याच्या कलम ९ नुसार, नोंदणी केल्याशिवाय कोणत्याही एजंटला नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकण्यास मदत करता येत नाही. कलम १० नुसार एजंटने नोंदणी आवश्यक असूनही न झालेल्या प्रकल्पातील व्यवहार करू नये, हिशेबाची पुस्तके ठेवावीत, खोटी माहिती देऊ नये आणि ग्राहकाला ज्या कागदपत्रांचा हक्क आहे ती बुकिंगच्या वेळी मिळवून द्यावीत. या तरतुदींचा भंग केल्यास प्रतिदिन १०,००० रुपये आणि एकूण जास्तीत जास्त सदनिकेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ साली महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण व सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केले.

एजंट कोणाचा?

पहिला प्रश्न घराविषयी नसून एजंटविषयी असतो: मोबदला कोण देणार, आणि किती? दलालीचा दर २०१६ च्या कायद्याने ठरवून दिलेला नाही. तो परस्पर संमतीने ठरतो. नव्या प्रकल्पांत एजंटला बहुधा विकासकाकडून मोबदला मिळतो, तर पुनर्विक्रीत तो दोन्ही पक्षांकडून घेतला जाण्याची प्रथा आहे. व्यवहार जितका लवकर आणि जितक्या अधिक किमतीला होईल, तितका अशा एजंटचा लाभ असतो. ग्राहकाचे हित याच्या विरुद्ध असू शकते. म्हणून दलालीची रक्कम, ती देय होण्याचा टप्पा आणि व्यवहार फिसकटल्यास काय होईल, हे लेखी ठरवून घेणे हितावह असते. एजंटने आपल्या नोंदणीचा क्रमांक सांगितल्यास तो महारेराच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

बांधकामाधीन घराविषयीचे प्रश्न

प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक: ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि ८ पेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी विक्रीपूर्वी आवश्यक असते. मंजूर नकाशे, जमिनीच्या मालकीहक्काचा अहवाल, जमिनीवरील बोजे आणि पूर्णत्वाची घोषित तारीख ही माहिती महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. एजंटने तोंडी सांगितलेली ताब्याची तारीख या घोषित तारखेशी ताडून पाहावी लागते.

चटई क्षेत्र: किंमत ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्रावर सांगितली जात असल्यास प्रत्यक्ष चटई क्षेत्र विचारणे आवश्यक ठरते. चटई क्षेत्रात आतील भिंती धरल्या जातात. बाहेरील भिंती, बाल्कनी व गच्ची धरली जात नाही. उदाहरणार्थ, १,००० चौरस फूट सुपर बिल्ट-अप क्षेत्राची सदनिका ८,००० रुपये दराने ८० लाखांना पडते. तिचे चटई क्षेत्र ७०० चौरस फूट असेल, तर खरा दर सुमारे ११,४२९ रुपये होतो.

आगाऊ रक्कम: नोंदणीकृत विक्री करारापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही (कलम १३). ‘आजच टोकन द्या, करार नंतर पाहू’ असा आग्रह होत असल्यास रक्कम कोणाच्या नावे जाणार आणि व्यवहार रद्द झाल्यास ती कशी परत मिळणार, हे विचारले जाते.

वाहनतळ: २०१० साली पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की उघडी आणि इमारतीखालची खांबांमधील वाहनतळाची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही. त्यामुळे वाहनतळासाठी वेगळी रक्कम मागितल्यास ती कोणत्या जागेसाठी आहे आणि करारात तिचा उल्लेख कसा असेल, याची विचारणा करावी लागते.

पुनर्विक्रीतील घराविषयीचे प्रश्न

जुन्या इमारतीतील पुनर्विक्रीच्या व्यवहारांना २०१६ चा कायदा बहुतांशी लागू होत नाही. म्हणून येथे कागदपत्रांची चौकशी अधिक महत्त्वाची ठरते. विक्रेत्यापर्यंतच्या सर्व नोंदणीकृत करारांची साखळी पूर्ण आहे काय, गृहकर्ज शिल्लक आहे काय, भाग प्रमाणपत्र विक्रेत्याच्या नावे आहे काय, आणि मालक मृत असल्यास सर्व वारसांची संमती आहे काय, हे मुख्य प्रश्न होत. करारांच्या सूची क्रमांक २ च्या नोंदी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेवर शोधता येतात. जमिनीची मालकी सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून कळते.

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय आणि जमिनीचे अभिहस्तांतरण गृहनिर्माण संस्थेच्या नावे झाले आहे काय, याचा परिणाम पुढील पुनर्विकासावर होतो. देखभाल शुल्काची व मालमत्ता कराची थकबाकी तसेच मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव यांविषयीची माहिती एजंटपेक्षा संस्थेच्या कार्यालयातून अधिक खात्रीने मिळते.

मर्यादा व दाद

एजंट हा वकील, अभियंता किंवा मूल्यांकनकार नसतो. मालकीहक्क निर्वेध असल्याचे त्याचे आश्वासन वकिलाच्या शोध अहवालाची जागा घेऊ शकत नाही, आणि बँकेने कर्ज मंजूर केले यावरूनही ग्राहकाची स्वतंत्र तपासणी अनावश्यक ठरत नाही. एजंटने दिलेली उत्तरे संदेश किंवा पत्राद्वारे लेखी घेतल्यास पुढे वाद झाल्यावर पुरावा उपलब्ध राहतो.

नोंदणीकृत प्रकल्पातील एजंटविरुद्ध कलम ३१ नुसार महारेराकडे तक्रार करता येते. प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. पुनर्विक्रीत मोबदला घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो.