मॉनिटरचा दिवा लुकलुकतो, पडदा मात्र काळा. दोष बहुधा कपॅसिटरचा

दौंड-मनमाड लोहमार्गावरील काष्टी (ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर) हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजाराच्या गावी शाळेतील किंवा दुकानातील जुना एलसीडी मॉनिटर बंद पडला, की दुरुस्तीसाठी तो पुण्याला किंवा नगरला न्यायचा की भंगारात द्यायचा, असा प्रश्न उभा राहतो. बटण दाबल्यावर चित्र क्षणभर उमटून नाहीसे होणे, दिवा नुसताच लुकलुकणे, पडदा उजळण्यास दिवसेंदिवस अधिक वेळ लागणे, ही लक्षणे असतील तर पडदा बहुधा शाबूत असतो. बिघाड असतो तो आतील पॉवर सप्लायच्या बोर्डवर, अवघ्या काही रुपयांच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये.

कपॅसिटर म्हणजे शालेय पुस्तकांतील धारित्र. विजेचा साठा करून प्रवाहातील चढउतार सपाट करणे हे त्याचे काम. त्याच्या डबीत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि द्रवाने भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. हा द्रव सुकला की कपॅसिटर निकामी होतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दिवसभर चालणारा मॉनिटर लवकर दगावल्यास नवल नाही.

सन 2000 नंतरच्या काही वर्षांत मात्र दोष उष्णतेपुरता नव्हता. तैवानमधील काही उत्पादकांच्या कपॅसिटरमधील द्रवच सदोष निघाला. त्यातील पाण्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होई आणि डब्या फुगून फुटत. मदरबोर्डपासून मॉनिटरपर्यंत जगभरातील असंख्य उपकरणे त्यामुळे बंद पडली. डेल कंपनीने 2005 मध्ये सदोष संगणकांच्या दुरुस्तीपोटी सुमारे 30 कोटी डॉलरची तरतूद केली होती.

कपॅसिटरच्या माथ्यावर फुलीसारख्या खाचा असतात. माथा सपाट असावा; तो फुगला असेल, तेथून तपकिरी द्रव पाझरला असेल किंवा डबी बुडाशी वर उचलली गेली असेल, तर तो बदलणे अटळ होय. माथा सपाट म्हणजे कपॅसिटर चांगला, असे मात्र समजू नये. अंतर्गत रोध वाढलेला कपॅसिटर साध्या मल्टिमीटरवर योग्य आकडा दाखवूनही कामास निरुपयोगी असू शकतो. हा रोध मोजण्यासाठी ईएसआर मीटर लागतो.

प्लग काढला म्हणून धोका टळला, असे नाही. आपल्याकडील 230 व्होल्टचा पुरवठा एकदिश झाल्यावर बोर्डवरील सर्वांत मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्टपर्यंतचा साठा होतो. स्क्रू ड्रायव्हरने त्याचे पाय जोडून ठिणगी पाडण्याची सवय घातक आहे. योग्य क्षमतेचा रोधक जोडून तो रिकामा करावा आणि मीटरवर शून्याची खात्री झाल्यावरच बोर्डला हात लावावा. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये हा दाब वीस हजार व्होल्टच्याही पुढे जातो. तो घरी उघडूच नये.

नवा कपॅसिटर जुन्याइतक्याच मायक्रोफॅरडचा घ्यावा. त्याचे व्होल्ट जुन्याइतके किंवा थोडे अधिक चालतात, कमी कदापि चालत नाहीत. 105 अंशांचा आणि कमी ईएसआरचा मागून घ्यावा. दुकानदार 85 अंशांचा स्वस्त कपॅसिटर पुढे करतो, तो येथे टिकत नाही. उंचीही पाहावी, अन्यथा मागचे झाकण बसत नाही. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळतात. जुना काढण्यापूर्वी बोर्डचे छायाचित्र घ्यावे. डबीवरील पट्टा ऋण टोक दर्शवितो. तो उलटा बसला तर नवा कपॅसिटरही फुटतो. एक फुगलेला आढळल्यास त्याच्या शेजारचे सारखे कपॅसिटरही बदलणे शहाणपणाचे, कारण त्यांनीही तितकीच उष्णता सोसलेली असते.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला, तर त्यावर बॅटरीचा झोत तिरपा टाकावा. अंधूक चित्र दिसल्यास दोष मागील प्रकाशयोजनेत, म्हणजे दिव्यांत किंवा इन्व्हर्टरमध्ये आहे. हे काम जाणकाराकडेच सोपवावे. जुन्या मॉनिटरमधील हे बारीक नळीदिवे पारायुक्त असतात. त्यामुळे दुरुस्ती अशक्य ठरलेला संच उकिरड्यावर किंवा फेरीवाल्याकडे न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत अशा संचाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे.